एक यंत्र, दोन खेळाडू

संगणकावरचा खेळ म्हटला की पडद्यापुढे एकटे बसलेले मूल आपल्या डोळ्यांसमोर येते. मूल एका बाजूला आणि यंत्र दुसऱ्या बाजूला, असा तो सामना असतो. परंतु या खेळांच्या इतिहासाची सुरुवातीची पाने उलटली तर चित्र अगदी वेगळे दिसते. पडद्यावर काहीतरी हलते आहे आणि खेळाडू त्याच क्षणी ते वळवतो आहे, अशा प्रकारचे जे पहिले नावाजलेले खेळ झाले, ते एकट्याने खेळताच येत नसत. कॅरमला किंवा बुद्धिबळाला लागतात तशी त्यांना दोन माणसे लागत.

असे का? कारण साधे आहे. प्रतिस्पर्धी होण्याइतकी ताकद त्या काळच्या यंत्रात नव्हती. फुली-गोळ्यासारखा डाव ते खेळू शके. १९५२ साली केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी एडसॅक या संगणकाकडून फुली-गोळा खेळवून घेतला होता. पण त्या खेळात पाळी असते. माणसाने खूण केली की यंत्र गणित करते आणि तोवर सारे थांबलेले असते. चेंडू हवेत असताना मात्र कोणाला थांबता येत नाही. चेंडू हलवायचा, तो पडद्यावर काढायचा आणि शिवाय प्रतिस्पर्धी म्हणून विचारही करायचा, हे सगळे सेकंदाच्या काही शतांश भागात उरकणे त्या यंत्रांना झेपणारे नव्हते. म्हणून यंत्राकडे दोनच कामे राहिली : मैदान होणे आणि पंच होणे.

पंच म्हटला की एक प्रश्न ओघानेच येतो. तो दोन्ही खेळाडूंना सारखा न्याय देतो का? दोघांनी एकाच क्षणी हालचाल केली तर तो दोघांचेही ऐकतो का, की एकाचे ऐकताना दुसऱ्याकडे त्याचे दुर्लक्ष होते? हा प्रश्न गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि प्रत्येक पिढीने तो आपापल्या साधनांनी सोडवला. आज नववी-दहावीचा विद्यार्थी पायथॉन भाषेत दोघांसाठी चेंडू-फळीचा खेळ लिहायला बसतो, तेव्हा तोही त्याच प्रश्नापाशी येऊन अडतो. या लेखात आपण त्या प्रश्नाचा माग काढणार आहोत.

प्रयोगशाळेतले टेनिस

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड बेटावर ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथे अणुविज्ञानाचे संशोधन चाले. आत नेमके काय चालते हे आसपासच्या नागरिकांना कळावे म्हणून वर्षातून काही दिवस प्रयोगशाळा लोकांसाठी खुली ठेवली जाई. परंतु भिंतीवरचे तक्ते आणि काचेमागची उपकरणे पाहून लोक कंटाळत. उपकरण विभागाचे प्रमुख विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ साली ठरवले की या वेळी पाहुण्यांच्या हाताला काहीतरी काम द्यायचे.

त्यांच्या विभागात एक छोटा अॅनालॉग संगणक होता. आजच्या संगणकासारखा तो अंकांवर काम करीत नसे. त्यात प्रत्येक राशीच्या जागी एक विद्युतदाब असे. आपण वर्गात शिकवतो ती गतीची समीकरणे आठवू या. गुरुत्वत्वरण स्थिर असते, त्वरणाच्या संकलनातून वेग मिळतो आणि वेगाच्या संकलनातून स्थान मिळते. अॅनालॉग संगणकात त्वरणासाठी एक स्थिर विद्युतदाब घेतात. तो संकलन करणाऱ्या एका मंडलातून नेला की वेग मिळतो आणि दुसऱ्या मंडलातून नेला की उंची मिळते. फेकलेल्या वस्तूचा मार्ग आणि उसळणारा चेंडू या यंत्रावर कसा दाखवावा, हे त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिलेले होते. हिगिनबॉथम यांनी तेथून टेनिसची कल्पना उचलली. आराखडा त्यांनी काढला आणि तंत्रज्ञ रॉबर्ट ड्वोराक यांनी जोडणी केली. काही आठवड्यांत खेळ तयार झाला.

ऑसिलोस्कोपच्या पाच इंची गोल पडद्यावर एक आडवी रेघ म्हणजे मैदान, मधली छोटी उभी रेघ म्हणजे जाळे आणि एक उजळ ठिपका म्हणजे चेंडू. मैदान बाजूने पाहिल्यासारखे दिसे. प्रत्येक खेळाडूच्या हाती एक छोटी पेटी होती. पेटीवरची खुंटी फिरवून फटक्याचा कोन ठरवायचा आणि बटण दाबून चेंडू मारायचा. चेंडू जमिनीला टेकला की रिले त्याच्या उभ्या वेगाची दिशा उलटवीत आणि चेंडू उसळे.

येथे न्यायाचा प्रश्न तारांनीच सुटला होता. दोन पेट्या आणि दोन स्वतंत्र जोडण्या असल्यामुळे एकाच्या बटणाचा दुसऱ्याच्या बटणाशी संबंध येत नसे. पण या खेळातली दुसरी एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या साऱ्या खेळांत ती येणार आहे. ऑसिलोस्कोपचा किरण एका वेळी एकच गोष्ट काढू शकतो. मग मैदान, जाळे आणि चेंडू हे तिन्ही एकत्र कसे दिसणार? हिगिनबॉथम यांनी ट्रान्झिस्टर वापरून किरण या तिन्हींमध्ये आळीपाळीने आणि अतिशय वेगाने फिरवला. डोळ्याला तीन गोष्टी एकाच वेळी दिसल्या, यंत्राने मात्र त्या एकामागून एक काढल्या. ‘एकाच वेळी’ याचा यंत्राच्या भाषेतला अर्थ ‘फार भराभर आळीपाळीने’ असा असतो.

ऑक्टोबर १९५८ मध्ये या खेळापुढे पाहुण्यांच्या रांगा लागल्या. पुढच्या वर्षी मोठा पडदा आला आणि चंद्रावरचे किंवा गुरूवरचे गुरुत्वाकर्षण निवडून खेळण्याची सोय झाली. नंतर सुटे भाग इतर कामांसाठी लागले म्हणून यंत्र मोडून टाकण्यात आले. हिगिनबॉथम यांच्या नावावर इतर अनेक पेटंटे होती, पण या खेळाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लॉस आलामॉस येथे अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर काम केले होते. युद्धानंतर अण्वस्त्रांना आळा घालण्यासाठी झटणाऱ्या फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स या संस्थेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. आपली आठवण त्या कामासाठी राहावी, अशी त्यांची इच्छा होती. १९९४ साली त्यांचे निधन झाले. आज मात्र बहुतेक लोक त्यांना ओळखतात ते त्या टेनिससाठी.

नऊ किलोबाइटमधले युद्ध

१९६१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे पीडीपी-१ हा संगणक आला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने बनवलेल्या या यंत्राची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. त्याची स्मृती अठरा बिटांच्या ४,०९६ शब्दांची होती. आजच्या मापात ती जेमतेम नऊ किलोबाइट भरते. एका सेकंदात ते सुमारे एक लाख बेरजा करू शके आणि त्याला एक गोल पडदा जोडलेला होता. एवढ्या साधनांतून स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ, वेन वितानेन आणि त्यांचे मित्र यांनी १९६२ च्या पूर्वार्धात ‘स्पेसवॉर’ हा खेळ उभा केला. अवकाशात दोन याने, मध्यभागी एक तारा आणि दोन खेळाडू असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येकाला आपले यान डावीकडे किंवा उजवीकडे वळवता येई, पुढे रेटता येई आणि क्षेपणास्त्र सोडता येई.

या चार हालचाली यंत्राला कळायच्या कशा? पीडीपी-१ च्या दर्शनी फळीवर अठरा खटक्यांची एक ओळ होती. प्रत्येक खटका एका बिटाचा : खटका चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. प्रोग्रॅमच्या प्रत्येक फेरीत यंत्र ही सगळी ओळ एका दमात वाचत असे. एका टोकाचे चार बिट पहिल्या खेळाडूचे आणि दुसऱ्या टोकाचे चार बिट दुसऱ्याचे. यंत्र ‘आत्ता कोणी खटका दाबला?’ असे विचारीत नसे. ‘या घटकेला कोणते खटके चालू आहेत?’ असे ते विचारीत असे. हे दोन प्रश्न सारखे वाटले तरी त्यांत मोठा फरक आहे. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर येते, दुसऱ्याला एकाच वेळी आठ उत्तरे येऊ शकतात. म्हणूनच पहिला खेळाडू यान वळवीत असताना दुसऱ्याने क्षेपणास्त्र सोडले तरी कोणाचेच काही वाया जात नसे.

म्हणजे प्रोग्रॅम निष्पक्ष होता. पण जागा निष्पक्ष नव्हती! पडदा खटक्यांच्या ओळीच्या एका बाजूला होता, त्यामुळे एका खेळाडूला तो चांगला दिसे आणि दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. शिवाय खेळाच्या भरात भलताच खटका दाबला जाऊन यंत्रच बंद पडण्याची भीती असे. तेव्हा अॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी संस्थेच्या आगगाडी-प्रतिकृती मंडळातले सुटे भाग जमवून दोन वेगळ्या पेट्या बनवल्या. प्रत्येक पेटीला लांब तार होती, म्हणून खेळाडूंना पडद्यासमोर सारख्याच सोयीने बसता येऊ लागले. खेळासाठी खास बनवलेल्या पेट्यांच्या इतिहासातला हा एक महत्त्वाचा टप्पा आहे आणि त्याचे मूळ कारण होते, दोघांना सारखी संधी मिळावी हे.

मधला तारा डॅन एडवर्ड्‌स यांनी आणला. त्याचे गुरुत्वाकर्षण दोन्ही यानांना सारख्याच नियमाने ओढी. त्याचे गणित करायला वेळ कमी पडत होता, म्हणून यानांची आकृती काढण्याचे काम एडवर्ड्‌स यांनी अधिक वेगवान केले आणि वाचलेला वेळ गुरुत्वाकर्षणाला दिला. क्षेपणास्त्रांसाठी मात्र वेळ उरला नाही, म्हणून ती ताऱ्याजवळूनही सरळच जात! पीटर सॅमसन यांनी पार्श्वभूमीला खऱ्या आकाशाचा नकाशा घातला. मे १९६२ मध्ये एमआयटीच्या विज्ञान प्रदर्शनात लोकांनी हा खेळ पाहिला.

या खेळासाठी कोणी पैसे घेतले नाहीत. प्रोग्रॅमची छिद्रांकित कागदी फीत जो मागेल त्याला मिळे. जेथे जेथे पीडीपी-१ होता तेथे तेथे ‘स्पेसवॉर’ पोचला. यंत्र ठीक चालते की नाही हे तपासण्यासाठी खुद्द निर्माता कंपनीही हा खेळ वापरू लागली, कारण यंत्राच्या जवळजवळ प्रत्येक भागाला तो कामाला लावत असे.

नाणे, खुंटी आणि न्यायालय

सव्वा लाख डॉलरचे यंत्र चौकातल्या दुकानात ठेवता येत नाही. घरोघरी असलेला पडदा म्हणजे दूरचित्रवाणी संच. त्यावर खेळ खेळता येईल, हा विचार राल्फ बेअर यांनी १९६६ साली कागदावर मांडला. बेअर मूळचे जर्मनीतले. नाझी राजवटीतून १९३८ साली त्यांचे ज्यू कुटुंब अमेरिकेला आले होते. सँडर्स असोसिएट्स या कंपनीत बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अनेक नमुने बनवले. त्यांतूनच १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा घरगुती खेळसंच बाजारात आला. त्यात संगणक नव्हता, आवाज नव्हता आणि गुणही मोजले जात नसत. पंचाचे निम्मे काम खेळाडूंनी स्वतःच करायचे होते. पडद्यावर फक्त काही ठिपके आणि एक उभी रेघ उमटे. मैदानाचे चित्र छापलेला पारदर्शक कागद पडद्यावर चिकटवावा लागे.

त्याच वर्षी नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ‘अटारी’ कंपनी स्थापन केली. बुशनेल यांनी मे महिन्यात ‘ओडिसी’चे प्रात्यक्षिक पाहिले होते. अॅलन अल्कॉर्न या नव्या अभियंत्याला त्यांनी सरावाचे काम म्हणून चेंडू-फळीचा एक खेळ बनवायला सांगितले. तो खेळ म्हणजे ‘पाँग’. त्याचा नमुना कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात ठेवला. काही दिवसांत तो बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता!

‘पाँग’मध्ये प्रोग्रॅम नव्हता हे आज आपल्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हता. होती ती फक्त तार्किक मंडले, म्हणजे मोजणी करणारे आणि तुलना करणारे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग पाडले आणि चेंडू कोणत्या भागावर आपटतो त्यावर परतीचा कोन ठरवला. चेंडू बराच वेळ मैदानात राहिला की त्याचा वेग वाढे. मंडलातल्या एका मर्यादेमुळे फळ्या पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचत नसत. अल्कॉर्न यांनी ती उणीव तशीच ठेवली, कारण तेवढी फट नसती तर दोन कुशल खेळाडूंचा डाव संपलाच नसता. उणीव दोघांनाही सारखीच होती, म्हणून ती खेळाचा नियम बनली. दोघांना एकेक खुंटी होती आणि एकट्याने खेळण्याची सोय ‘पाँग’मध्येही नव्हती.

पुढे मॅग्नाव्हॉक्सने अटारी आणि इतर कंपन्यांवर पेटंटभंगाचा दावा लावला. वादाचा गाभा असा होता : खेळाडूच्या हातातली खूण दुसऱ्या खुणेला पडद्यावर आपटली की त्या दुसऱ्या खुणेची गती बदलते, ही कल्पना कोणाची? १९७६ साली अटारीने तडजोड करून परवाना घेतला आणि १९७७ साली शिकागोच्या न्यायालयाने मॅग्नाव्हॉक्सच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या दशकात निन्टेन्डो कंपनीने ही पेटंटे मोडून काढण्यासाठी हिगिनबॉथम यांच्या १९५८ च्या टेनिसचा दाखला दिला, पण न्यायालयात तो टिकला नाही. ज्या कल्पनेसाठी वकिलांनी वर्षानुवर्षे युक्तिवाद केले, ती आज विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘जर’ने सुरू होणारी एक ओळ असते. पेटंटांची मुदत संपते, आणि मग कल्पना सगळ्यांची होते.

एका टंकलेखकाचा कळफलक

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि यंत्राला प्रतिस्पर्धी होण्याची ताकद आली. जपानमधील टोमोहिरो निशिकाडो यांच्या १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये माणूस यंत्राने चालवलेल्या फौजेशी झुंजतो. दोन खेळाडू असले तर ते आळीपाळीने खेळतात. येथून एकट्याच्या खेळांचे युग बहरले.

त्याच सुमारास घरगुती संगणक आले आणि त्यांच्याबरोबर कळफलक आला. खुंट्या आणि पेट्या ज्यांच्याकडे नव्हत्या ते कळांवरच खेळू लागले. दोघांचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात परतला. कळफलक हे मुळात टंकलेखकाचे साधन आहे. एक माणूस एकामागून एक अक्षर दाबणार, हे गृहीत धरून ते बनवलेले आहे.

हे गृहीतक त्याच्या तारांतही दिसते. शंभराहून अधिक कळांना प्रत्येकी एक तार द्यायची तर तारांचा गुंता होईल. म्हणून कळा ओळी आणि स्तंभ यांच्या जाळीवर बसवतात. ८ ओळी आणि १६ स्तंभ घेतले तर केवळ २४ तारांवर १२८ कळा बसतात. कळफलकातले नियंत्रक मंडल एकेका ओळीत क्रमाने विद्युतसंकेत सोडते आणि तो कोणत्या स्तंभातून बाहेर पडतो ते पाहते. पुन्हा तीच युक्ती : भराभर, आळीपाळीने.

या जाळीत एक खोच आहे. फळ्यावर दोन ओळी काढा : १ आणि २. दोन स्तंभ काढा : क आणि ख. आता १-क, १-ख आणि २-क या तीन कळा एकदम दाबल्या आहेत असे समजा. नियंत्रकाने दुसऱ्या ओळीत संकेत सोडला. तो २-क मधून ‘क’ स्तंभात आला, तेथून १-क मधून उलट पहिल्या ओळीत शिरला आणि १-ख मधून ‘ख’ स्तंभात उतरला. नियंत्रकाला वाटले, २-ख ही कळही दाबलेली आहे! कोणीच न दाबलेल्या या कळेला भुताची कळ म्हणतात. प्रत्येक कळेबरोबर एक डायोड बसवला तर संकेत उलट जात नाही, पण खर्च वाढतो. म्हणून स्वस्त कळफलकांत अशी शंका आली की तिसरी कळ सरळ दुर्लक्षित केली जाते. टंकलेखकाला याचा पत्ताही लागत नाही. दोन खेळाडूंपैकी एकाची फळी मात्र जागच्या जागी थिजते आणि तो म्हणतो, “हा रडीचा डाव आहे!”

आपल्या देशातल्या शाळांचा या इतिहासाशी एक धागा जुळतो. १९८४-८५ साली भारत सरकारने ‘क्लास’ प्रकल्पाखाली निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. त्यावरच्या बेसिक भाषेत कळफलक वाचण्याचे दोन मार्ग होते. एक मार्ग ‘कोणते अक्षर आले?’ असे विचारी. दुसऱ्यात ‘इनकी’ या आज्ञेला ऋण संख्या दिली की ‘ही अमुक कळ या क्षणी दाबलेली आहे का?’ याचे हो किंवा नाही असे उत्तर मिळे. हा दुसरा प्रश्न म्हणजे पीडीपी-१ च्या खटक्यांना विचारला जाणारा जुनाच प्रश्न होय.

पायथॉनमध्ये तोच खेळ

पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या गणित व संगणक संशोधन संस्थेत लिहायला घेतली आणि १९९१ साली ती प्रसृत केली. नवशिक्यांसाठी बनवलेल्या ‘एबीसी’ या भाषेवर त्यांनी आधी काम केले होते आणि तिचा सोपेपणा पायथॉनमध्ये उतरला आहे. आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र पायथॉनमधूनच शिकवतात. तिच्याबरोबर मिळणारा ‘टर्टल’ हा चित्रे काढण्याचा भाग १९६७ च्या ‘लोगो’ भाषेतल्या कासवाचा वारस आहे. त्याच्या साहाय्याने ‘पाँग’सारखा खेळ पाऊणशे ओळींत बसतो. आज्ञांची नेमकी नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील, म्हणून आम्ही येथे प्रोग्रॅमचा सांगाडा मराठीतच मांडतो.

पडदा ८०० बाय ६०० ठिपक्यांचा आणि आरंभबिंदू मध्यभागी. डावी फळी क्ष = –३५० वर, उजवी क्ष = ३५० वर. चेंडूला दोन वेग : आडवा आणि उभा. आता विद्यार्थी सहसा अशी आज्ञा देतात : ‘डब्ल्यू’ कळ दाबली गेली की डावी फळी २० ठिपके वर न्या, वरच्या बाणाची कळ दाबली गेली की उजवी फळी वर न्या. एकट्याने तपासताना सारे सुरळीत चालते. दोघे खेळू लागले की भांडण सुरू होते. पहिल्याने ‘डब्ल्यू’ दाबून धरली असताना दुसऱ्याने बाण दाबला की पहिल्याची फळी थांबते.

दोष कोणाचा? कळ दाबून धरली की तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवण्याची सोय संगणकात असते. टंकलेखकाला ओळभर टिंबे काढायला ती उपयोगी पडते. पण पुनरावृत्ती होते ती फक्त शेवटी दाबलेल्या कळेची. दुसऱ्या खेळाडूने कळ दाबताच पहिल्याच्या कळेची पुनरावृत्ती बंद पडते. थोडक्यात, आपण ‘कोणते अक्षर आले?’ असे विचारीत होतो. विचारायला हवे होते, ‘या घटकेला कोणत्या कळा दाबलेल्या आहेत?’

उपाय १९६२ चाच आहे. चार कळांसाठी चार खुणा ठेवायच्या. कळ दाबली गेली की तिची खूण ‘हो’ करायची, सोडली की ‘नाही’. फळी मात्र तेव्हा हलवायची नाही. ती हलवायची मुख्य चक्रात :

खेळ चालू असेपर्यंत पुन्हा पुन्हा करा —
१. ‘डब्ल्यू’ची खूण ‘हो’ असेल तर डावी फळी वर सरकवा. ‘एस’ची असेल तर खाली.
२. वरच्या बाणाची खूण ‘हो’ असेल तर उजवी फळी वर सरकवा. खालच्या बाणाची असेल तर खाली.
३. चेंडू एक पाऊल पुढे न्या.
४. चेंडू वरच्या किंवा खालच्या कडेला लागला तर उभ्या वेगाचे चिन्ह बदला.
५. चेंडू फळीकडे येत असून तिला लागला तर आडव्या वेगाचे चिन्ह बदला.
६. चेंडू एका बाजूने बाहेर गेला तर समोरच्याला एक गुण द्या आणि चेंडू मध्यभागी आणा.
७. पडदा नव्याने काढा.

या सात ओळींत वरचा सगळा इतिहास दडलेला आहे. चौथी ओळ म्हणजे हिगिनबॉथम यांचा रिले, पाचवी म्हणजे शिकागोच्या न्यायालयातला वाद आणि पहिल्या दोन म्हणजे पीडीपी-१ ची खटक्यांची ओळ. क्रमही महत्त्वाचा आहे. दोघांचे ऐकून घेतल्यावरच चेंडू हलतो. तिसरी ओळ चुकून पहिल्या दोहोंच्या मध्ये गेली, तर डाव्या खेळाडूची हालचाल चेंडूआधी आणि उजव्याची चेंडूनंतर धरली जाईल. फरक एका पावलाचाच, पण तो प्रत्येक फेरीत एकाच्याच बाजूने पडेल.

वर्गात यावर काही प्रयोग करून पाहता येतील. आधी अक्षराच्या पद्धतीने आणि मग खुणांच्या पद्धतीने खेळ लिहून घ्या, आणि फरक विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये तीन-चार कळा एकदम दाबून कोणती अक्षरे उमटत नाहीत याचा तक्ता करायला सांगा. शाळेतल्या वेगवेगळ्या कळफलकांचे तक्ते वेगळे निघतील. त्यावरून दोघांसाठी कोणत्या कळा निवडाव्यात ते ठरवू द्या. गुण झाल्यावर चेंडू दर वेळी उजवीकडेच जात असेल तर ते योग्य आहे का, यावर चर्चा घडवा.

शेवटची कसोटी सर्वांत सोपी आहे आणि मैदानावर आपण ती नेहमी वापरतो. बॅडमिंटनमध्ये डाव संपला की खेळाडू बाजू बदलतात. प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावर दोन विद्यार्थ्यांना दहा डाव खेळायला सांगा, मग जागा बदलून आणखी दहा. जिंकणारा खेळाडू बदलला नाही, तर यंत्र बहुधा चांगला पंच आहे. पण जो त्या खुर्चीत बसेल तोच जिंकत राहिला, तर कुठेतरी एकाचे कमी ऐकले जात आहे. ते कुठे, हे विद्यार्थ्यांनी ओळ न् ओळ वाचून शोधून काढावे.